पुण्यात गाणं ऐकायचंय, शिकायचंय? सुरुवात अशी करा

पुण्यात नव्याने राहायला आलेल्या माणसाला वर्षभरात गाणं सगळीकडून गाठतं. आषाढी वारीच्या पालख्या मुक्कामाला आल्या की नाना पेठ, भवानी पेठ अभंगांनी भरून जाते. दिवाळीत पहाटेच्या मैफली असतात, डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव. यातलं काय ऐकावं, कसं ऐकावं, आणि शिकावंसं वाटलं तर कुणाकडे जावं, असं हिंजवडी-खराडीकडे नोकरीसाठी आलेली मंडळी मला नेहमी विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक विनंती. एका गाण्याची फूटपट्टी दुसऱ्या गाण्याला लावू नका. ख्याल (रागदारी गायनाचा मुख्य प्रकार) ऐकणाऱ्याला पोवाडा म्हणजे आरडाओरडा वाटतो, आणि भावगीतावर वाढलेल्याला ख्याल म्हणजे उगाच लांबण. दोघांच्याही हातून चांगलं गाणं निसटतं.

पायरी पहिली: आवाज कुठवर पोचवायचा होता?

कुठलंही गाणं ऐकताना हा प्रश्न मनात धरा. बहुतेक कोडी त्यानेच सुटतात.

पोवाडा उघड्या मैदानात उभा राहिला. समोर गर्दी, हातात डफ, साथीला तुणतुणं, मागे सूर धरणारे झिलकरी. शेवटच्या माणसाला लढाईतला शब्द न् शब्द कळला पाहिजे, म्हणून शाहीर छातीतून आवाज फेकतो, ओळीचा शेवट उंच नेऊन धरतो, आणि झिलकऱ्यांच्या ‘जी जी रं जी’वर श्वास घेतो. तिथे नाजूक मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरणं) शोधायला गेलात तर मिळणार नाही, कारण ती तिथे कुणी ठेवलेलीच नाही.

दिंडीतला अभंग चालता चालता गायचा असतो. विणेकरी, टाळकरी, मृदंग आणि शेकडो गळे. एकाचा गोड आवाज तिथे महत्त्वाचा नाही, सगळ्यांना उचलता येईल अशी चाल महत्त्वाची. म्हणून एकच चरण पुन्हा पुन्हा येतो आणि दर फेरीला चढत जातो. पालखीच्या दिवशी एका दिंडीच्या मागोमाग थोडं चालून पाहा. सभागृहात ऐकलेल्या अभंगापेक्षा हे गाणं किती निराळं आहे ते लगेच कळेल. सभागृहातला अभंग बहुधा ख्यालगायकाने स्वतःच्या तयारीने सजवलेला असतो. तोही सुंदर, पण त्याची जात वेगळी.

संगीत नाटक तर इथलंच. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. तेव्हा माइक नव्हता. पिटातल्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द स्वच्छ जायला हवा आणि नाटकही पुढे सरकायला हवं, म्हणून नाट्यगीतात राग थोडक्यात उलगडतो, ताना (स्वरांच्या जलद लडी) लहान आणि झळाळत्या असतात. पद आवडलं की वन्समोअर! आजचा गायक नाट्यपद माइकवर वीस मिनिटं रंगवतो, ते ऐकताना त्याचा मूळचा आटोपशीर बांधा आठवावा.

लावणीत फडाची लावणी ढोलकी-हलगीच्या कडकडाटावर मात करत येते, म्हणून तिचा आवाज धारदार. बैठकीची लावणी समोर बसलेल्या मोजक्या रसिकांसाठी, सावकाश, अदा करत गायची, म्हणून तिथे आवाजाला मुरकी (स्वरांचं चिमुकलं वळण) घ्यायला सवड मिळते. गणेश पेठेतलं आर्यभूषण थिएटर हे तमाशाचं पुण्यातलं जुनं घर.

आणि भावगीत माइकसमोरचं. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं आणि १९५५च्या एप्रिलपासून वर्षभर तिथून ‘गीतरामायणा’ची ५६ गीतं गेली. गदिमांचे, म्हणजे ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची चाल. माइकला आवाज फेकावा लागत नाही. त्याला श्वासाची सळसळ, शब्दाची कड, ‘स’ आणि ‘श’मधला फरकही ऐकू जातो. म्हणून भावगीताचा खरा कस उच्चारावर लागतो. बाबूजींचं एखादं कडवं डोळे मिटून ऐका. कुठला शब्द सोडून दिला आणि कुठल्या शब्दावर किंचित रेंगाळले, एवढंच पाहायचं. तेवढ्यानेही खूप शिकायला मिळतं.

पाश्चात्य ऑपेरालाही हाच प्रश्न विचारता येतो. मोठं सभागृह, समोर अख्खा वाद्यवृंद, आणि माइक नाही. तिथला गायक घशाची आणि तोंडाची पोकळी अशी घडवतो की आवाजातली ताकद सेकंदाला साधारण ३००० कंपनांच्या आसपास एकवटते. वाद्यवृंदाचा जोर तिथे कमी पडतो, म्हणून एकटा गळा सगळ्यांच्या वरून ऐकू येतो. ‘एवढा आवाज का लावतात’ याचं उत्तर हे आहे. कॅम्पातल्या दस्तुर शाळेच्या माझदा हॉलमध्ये पाश्चात्य संगीताचे कार्यक्रम होतात, तिथे एकदा जाऊन या.

पायरी दुसरी: जुन्या तीन मिनिटांच्या तबकड्या

ख्यालाची सुरुवात तासाभराच्या रेकॉर्डिंगने करू नका. ७८ गतीच्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची असायची आणि त्या काळच्या थोर गवयांनी तेवढ्यात पूर्ण राग मांडून दाखवला. अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर, बालगंधर्व यांची अशी रेकॉर्डिंग यूट्यूबवर सहज मिळतात. खरखर असते, ती थोड्या वेळाने कानाआड होते. केसरबाईंची एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात धाडली गेली. सुरुवात तिच्यापासून केलीत तरी उत्तम.

पायरी तिसरी: एक राग, अनेक घराणी

ही पायरी घाईने चढू नका.

यमन किंवा भूप यांपैकी एक राग घ्या आणि काही आठवडे त्याच्यापाशीच राहा. वेगवेगळ्या घराण्यांच्या, म्हणजे गायनाच्या गुरुपरंपरांच्या, गायकांनी गायलेला तोच राग आळीपाळीने ऐका. राग ओळखीचा झाला की कान आपोआप ‘काय’ गायलं सोडून ‘कसं’ गायलं याकडे वळतो.

किराणा घराण्यात एकेका स्वराला जवळून न्याहाळत, हळूहळू बढत, म्हणजे रागाचा विस्तार होतो. सूर लागणं हेच तिथलं मोठं सुख. ग्वाल्हेरची गायकी मोकळी आणि सरळ. बंदिश (रागात बांधलेली रचना) नीट मांडायची, लय फार ताणायची नाही, आणि आलाप, बोलतान (शब्द घेऊन केलेली तान), सपाट तान (सरळ चढउताराची) अशी सगळी अंगं दाखवायची. महाराष्ट्रात ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी रुजवली. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ. तिथे भरीव आकार (‘आ’ म्हणत लावलेला आवाज), लयीच्या अंगाने गुंफलेली वळणदार तान, आणि जोडरागांची (दोन राग मिसळलेले), अनवट म्हणजे क्वचित गायल्या जाणाऱ्या रागांची आवड. मल्लिकार्जुन मन्सूर ऐका. तालाचं एक आवर्तन (फेरा) संपून दुसरं कधी सुरू झालं कळत नाही, इतकी वीण घट्ट. किशोरी आमोणकर त्याच घराण्याच्या, पण त्यांचा भूप ऐकलात तर त्यांनी स्वतःची वाट कशी काढली तेही दिसेल. आग्रा घराणं म्हणजे नोमतोम (‘नोम्‌ तोम्‌’ अशा अक्षरांवरचा आलाप), बोलबाँट (बंदिशीचे शब्द लयीत वाटून गाणं), लयीशी खेळ आणि दणकट आवाज.

ही वर्णनं सुरुवातीला दिशा मिळावी एवढ्यापुरतीच. भास्करबुवा बखले ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांची तालीम घेतलेले होते. बालगंधर्व त्यांचे शिष्य. बुवांनी नाटकांना चालीही दिल्या. किराणा घराण्याच्या सवाई गंधर्वांना ‘सवाई गंधर्व’ ही पदवी मिळाली ती संगीत रंगभूमीवर. म्हणजे आपण आज ज्या भिंती घालतो, त्या या मोठ्या माणसांनी कितीतरी वेळा ओलांडल्या आहेत.

आता विलंबित, म्हणजे संथ लयीतला, एकताल कसा ऐकायचा ते सांगते, कारण नवखा माणूस इथेच कंटाळतो. मात्रा बारा. लय बरीच संथ असेल तर एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची, म्हणजे अख्खं आवर्तन जवळजवळ मिनिटाचं. बोटं मोजत बसू नका, तबल्याकडे लक्ष द्या. ठेका असा: धिं धिं धागे तिरकिट, तू ना क त्ता, धागे तिरकिट धी ना. यातला ‘तिरकिट’ सहज कानात भरतो. तो आवर्तनात दोनदा येतो, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला. दुसरा तिरकिट वाजला की समेला, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, उरल्या दोनच मात्रा. नेमक्या त्याच सुमाराला गायक आलाप आवरता घेतो, बंदिशीचा मुखडा (सुरुवातीचा तुकडा) धरतो आणि समेवर येतो. तो क्षण एकदा आधीच ओळखता आला की विलंबित ख्यालात जीव अडकतो. ‘आता कसा येणार?’ ही उत्सुकता दर आवर्तनाला नवी. श्रोते समेवर मान का हलवतात, तेही मग वेगळं सांगावं लागत नाही.

पायरी चौथी: समोर बसून ऐका

सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी १९५३ साली सुरू केलेला महोत्सव आता सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव या नावाने होतो. कित्येक वर्षं तो रमणबागेत भरायचा, २०१८पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर. पूर्वी तो रात्रभर चाले. आता रात्री वेळेचं बंधन असल्याने मध्यरात्रीनंतरचे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळत नाहीत, याची मला खरोखर हळहळ वाटते. शेवटी सवाई गंधर्वांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका लावतात. तोवर थांबा.

पण पहिलं प्रत्यक्ष ऐकणं सवाईतच व्हावं असं मी म्हणणार नाही. मंडप प्रचंड, आवाज स्पीकरमधून येतो, मागे बसलात तर गवई पडद्यावर दिसतो. आधी पन्नास-शंभर माणसांच्या घरगुती किंवा छोट्या सभागृहातल्या बैठकीला जा. ख्याल तेवढ्याच अंतरासाठी आहे. पेठांमध्ये, कोथरूडला, सहकारनगरला अशा बैठका होत असतात. रविवारच्या पेपरातले ‘आजचे कार्यक्रम’ वाचत जा, आणि गाण्याच्या क्लासमध्ये जाणाऱ्या एखाद्याशी ओळख करून घ्या. निमंत्रणं अशाच ओळखीतून येतात. बऱ्याच बैठका विनामूल्य असतात.

बैठकीला वेळेआधी पोचा आणि तानपुरे जुळवताना ऐका. चार तारा: पहिली पंचमाची (प), मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या (सा), शेवटची खर्जाची (खालचा सा). मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागात पहिली तार मध्यमाला (म) लावतात. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवत जवारी काढतात. धागा नेमक्या जागी आला की तारेचा आवाज एकाएकी फुलतो. तानपुरा उत्तम जुळला असेल तर कुणीही न छेडलेला गंधार (ग) त्यातून ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पहिल्यांदा तो ऐकू आला नाही तर शेजारच्या जाणकाराला विचारा, नक्की दाखवतील.

रीत फार अवघड नाही. आलाप चालू असताना उठू नये, दोन रागांच्या मध्ये उठावं. दाद मनापासून आली तरच द्यावी. मोबाइलवर रेकॉर्डिंग करू नये.

पायरी पाचवी: स्वतःची पट्टी शोधा

शिकायचं ठरलं की पहिला प्रश्न पट्टीचा, म्हणजे तुमचा सा किती उंचीवर धरायचा याचा. पेटीवर काळ्या पट्ट्या दोन-दोन आणि तीन-तीनच्या जोडीने असतात. दोनच्या जोडीतली पहिली ती काळी एक, मग काळी दोन, आणि तिनाच्या गटात काळी तीन, चार, पाच. पांढऱ्या पट्ट्या काळी एकच्या लगेच डावीकडच्या पट्टीपासून मोजतात. पुरुषांचा षड्ज बहुधा काळी एक-काळी दोनच्या आसपास असतो, बायकांचा पांढरी पाच, काळी चार, काळी पाचच्या आसपास. काळी एकच्या षड्जाला पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे १३९ वेळा थरथरतात, काळी चारच्या षड्जाला बाईचे सुमारे २०८ वेळा. एकच राग, पण गळ्याचं काम किती निराळं!

पट्टी ठरवताना वर किती जाता येतं एवढंच बघण्याकडे कल असतो. खालीही बघा. मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत स्वर विरून न जाता लागला पाहिजे आणि तार (वरच्या सप्तकातल्या) गंधारापर्यंत मान न ताणता जाता आलं पाहिजे. सुरुवातीला दोन्ही टोकं जरा अवघडच जातात, म्हणून शेवटचा शब्द गुरूंचा. आणि कॅराओके म्हणणाऱ्यांनो, मूळ गाण्याच्या पट्टीचा हट्ट सोडा. ती पट्टी त्या गायिकेच्या गळ्याची होती. बहुतेक अ‍ॅपमध्ये पट्टी खालीवर करता येते, तेवढं बटण शोधा.

पायरी सहावी: गुरू, क्लास की दोन्ही?

पूर्वी गाणं गुरूच्या घरी राहून शिकत. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि वर्ग, स्वरलिपी, ठरलेला अभ्यासक्रम यांनी गाणं सामान्य घरांत आणलं. पुण्यात भास्करबुवांनी १९११ साली स्थापन केलेला भारत गायन समाज आणि पलुसकरांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ साली सुरू केलेलं गांधर्व महाविद्यालय या दोन्ही संस्था आजही शिकवतात. पदवीच घ्यायची असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तिथे गुरुकुलाच्या वळणाने शिकवतात.

वर्गात शिस्त लागते, सोबती मिळतात, रागांची ओळख पटापट होते. पण तुमच्या आवाजाकडे एकट्याकडे बघायला शिक्षकाला वेळ कमी पडतो. समोरासमोरच्या तालमीत गुरू एक जागा तुमच्याकडून येईपर्यंत म्हणून घेतात, लिहून न देता. गमक (स्वराला दिलेला हेलकावा), मींड, आवाजाचा लगाव या गोष्टी कागदावर उतरत नाहीत, त्या तशाच याव्या लागतात. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष वर्गात, आणि कान तयार झाला की तालीम. परीक्षा द्याव्यात, पण वयाने मोठ्या माणसाने त्यांच्या मागे लागू नये.

तिसरी वाट आवाज-साधनेची. श्वास, स्वरयंत्र, जबडा आणि जीभ यांचा विचार पाश्चात्य शिक्षणात पहिल्या दिवसापासून होतो. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांनी या विषयाचा मनापासून अभ्यास केला. कुमार गंधर्व त्यांचेच शिष्य. आपल्याकडे अजूनही ‘रियाज कर, येईल’ एवढ्यावर भागवलं जातं. घसा दुखत असेल तर तेवढ्याने भागत नाही.

पहिल्या भेटीत शिक्षकांना नम्रपणे विचारा: माझी पट्टी तुम्ही कशी ठरवाल? पहिले काही महिने काय म्हणून घ्याल? तुमच्या शिकवणीत बसून एक दिवस नुसतं ऐकलं तर चालेल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत मोलाचं. बसू दिलं तर शिष्यांचे आवाज ऐका. सगळे गुरूंसारखेच नाकात किंवा दाबून गात असतील तर दुसरं घर बघा. प्रत्येकाचा आवाज वेगळा आणि मोकळा येत असेल तर तिथेच नाव घाला. मास्तर, बुवा, ताई, काहीही म्हणा, पण ‘सर, पुढच्या महिन्यात गणपतीत एक गाणं बसवून द्याल का’ हे पहिल्याच दिवशी विचारू नका.

लावणी, पोवाडा किंवा पाश्चात्य गाणं शिकायचं असेल तर त्या त्या गाण्याचाच शिक्षक शोधा. ख्यालाचा पाया सगळीकडे उपयोगी पडतो हे खरं, तरी छातीतून आवाज फेकण्याची पोवाड्याची रीत शाहिराकडूनच यायला हवी. ती नीट न शिकता फेकलेला आवाज आठवड्यात बसतो.

पायरी सातवी: रोजचा रियाज आणि गळ्याची निगा

सुरुवातीला वीस मिनिटं पुरतात, पण रोज हवीत. मोबाइलवरचा तानपुरा लावा, मात्र चांगल्या स्पीकरवर किंवा हेडफोनवर. फोनच्या इवल्या स्पीकरमधून खर्ज नीट येतच नाही. आधी षड्ज, एका श्वासात, आवाज न वाढवता न घटवता. मग खाली मंद्रात एकेक स्वर उतरत थांबत जायचं. खर्ज सकाळी करावा. जोर लावून खाली उतरायचं नाही, जिथवर स्वर स्पष्ट आहे तिथवरच. नंतर साधे पलटे (स्वरांच्या ठरावीक वळणांचा सराव) आकारात, आधी बरोबरीत (मात्रेला एक स्वर), मग दुगुनीत (मात्रेला दोन). दुगुनीत स्वर सरकू लागले की परत बरोबरीत या. स्वतःचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकू नका, तेव्हा कान थकलेला असतो.

सारखं खाकरू नका, त्याने स्वरतंतू एकमेकांवर आदळतात. पाणी दिवसभर थोडं थोडं प्या. गाण्याआधी घटाघटा प्यायलेलं पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, त्याचा उपयोग शरीरात मुरल्यावरच होतो. रात्री उशिरा तिखट जेवून आडवं झालं तर आम्ल वर येऊन सकाळी आवाज जड लागतो. ताक, दही, लोणचं यांचं प्रत्येकाचं निराळं, स्वतःचा अनुभव बघा. घसा बसला असेल तर कुजबुजून बोलणं टाळा, त्यानेही ताण पडतो. आवाजाचा घोगरेपणा दोन-तीन आठवडे गेला नाही तर काढे पुरे करा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

मुलांच्या बाबतीत एवढंच: मुलगा बारा ते पंधराच्या दरम्यान असताना आवाज फुटतो, स्वर अचानक सटकतो, चार महिन्यांपूर्वी लागणारा तार षड्ज लागत नाही. त्या काळात स्पर्धा आणि वरच्या पट्टीची गाणी बंद ठेवा, गाणं बंद करू नका. मधल्या सप्तकात हलका रियाज, जोडीला तबला किंवा पेटी, आणि दर दोन-तीन महिन्यांनी शिक्षकांकडून पट्टी पुन्हा तपासून घ्या.